किप्पूरच्या आधी, धाकट्यास

ठाणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद. एलियाहू हनाबी तुम्हा सर्वांचं रक्षण करो.

काल फोनवर तू म्हणालास, "बाबा, क्षमा मागणारा मेसेज सगळ्यांना टाकलाय, दादालाही गेलाय. माझ्याकडून विषय संपला." वर ताईच्या मालकांनी सांगितलेलं वचनही ऐकवलंस: ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात, मत्तयात लिहिलंय की भावाला साताच्या सत्तर वेळा क्षमा करायची, मग दादा गप्प का? दादा पलीकडच्या खोलीत पडून होता, म्हणून मी विषय बदलला. आत्याचा नातू परवा निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. एका बैठकीत वाच.

दादाच्या छातीचं ताईनं कळवलंच असेल. नव्याच्या सणानंतर, म्हणजे आपल्या नव्या वर्षानंतर, चौथ्या दिवशी त्याला दाखल करायचं आहे. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही. डॉक्टर आहेत, देव आहे. मला लिहायचं आहे ते क्षमेबद्दल. तू ज्या वचनांचा आधार घेतोस ती अर्धीच वाचली आहेस, आणि उरलेलं अर्धं तुझ्याच कामाचं आहे.

दारफळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरच्या उपासाला, आपण दारं लावून बसतो, पंचवीस तास पाण्याचा थेंब घेत नाही, छातीवर मूठ ठेवून अशम्नू, पापांची कबुली, म्हणतो. त्याची ताकद कुठवर पोचते हे आपल्या पंडितांनी आखून दिलेलं आहे. मिश्ना या पंडितांच्या जुन्या नियमग्रंथातल्या योमा या भागाच्या आठव्या अध्यायात शेवटी येतं: माणूस आणि देव यांच्यामधल्या पापांचं प्रायश्चित्त किप्पूरचा दिवस करतो, माणूस आणि माणूस यांच्यामधल्या पापांचं करत नाही, जोवर ज्याचा अपराध केला त्याचं समाधान केलेलं नाही. रब्बी एलाजार बेन अजऱ्या यांनी हे तोरातल्याच, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्याच, वाक्यावरून काढलं. लेवीय १६:३० मध्ये "परमेश्वरासमोरची तुमची सर्व पापं" शुद्ध होतील असं आहे. परमेश्वरासमोरची. शेजाऱ्यासमोरची त्यात आली नाहीत. आणि त्याच्या जरा वरच लिहिलंय की "पाप करीन आणि किप्पूर ते धुऊन टाकील" असं धरून जो चालतो, त्याच्यासाठी किप्पूर काहीच करत नाही.

तेव्हा उपास कर, नक्की कर. पण तुझ्या आणि दादाच्या मधली गोष्ट त्या दिवशी जशीच्या तशी राहणार आहे.

आता तुझा मेसेज. ताईनं मला वाचून दाखवला. "कळत नकळत कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनाने माफ करावं." या वाक्यात कृत्य नाही, माणूस नाही, आणि "असेल तर" आहे. मोशे बेन मैमोन, ज्यांना आपण रामबाम म्हणतो, त्यांनी बाराव्या शतकात पश्चात्तापाचे नियम दहा अध्यायांत मांडले. पहिल्याच अध्यायात ते सांगतात की कबुली तोंडाने बोलून द्यायची आणि त्यात काय केलं ते म्हणायचं: मी अमुक केलं, मला त्याचा खेद आणि लाज आहे, ते मी पुन्हा करणार नाही. दुसऱ्या अध्यायात आणखी कडक लिहितात. ज्याने मनातून सोडायचं ठरवलेलं नाही आणि जो नुसती कबुली देतो, तो हातात मेलेला किडा धरून मिक्वेत, शुद्धीच्या स्नानकुंडात, बुडी मारणाऱ्यासारखा आहे. कितीही बुड्या मारल्या तरी किडा टाकेपर्यंत अशुद्धच. पुढच्या टीकाकारांनी हेही स्पष्ट केलं की ज्याची क्षमा मागायची त्याला अपराध नाव घेऊन सांगावा. फक्त सांगण्यानेच त्याला पुन्हा लाज वाटणार असेल तर सोडावा. दादाला लाज वाटायची वेळ होऊन गेली. आत्याच्या घरी, सगळ्यांसमोर, साखरपुड्याच्या दिवशी.

मी चिडलो आहे असं समजू नकोस. तुझं बोलणं तिखट होतं, पण तुझ्या आईच्या आजारात तू परदेशात एकटा होतास, तुला कोणी काही सांगत नव्हतं, हे मला माहीत आहे. तू तिथे शून्यातून घर उभं केलंस, मुलींना हिब्रूबरोबर मराठी शिकवलीस, तिथे इस्राएलात अश्दोदच्या आपल्या लोकांत तुझं नाव निघतं तेव्हा माझी छाती भरून येते. म्हणूनच सांगतो. सबबी खऱ्या असतात तेव्हा त्या टाकणं जास्त अवघड जातं.

शौल राजाचं बघ. पहिल्या शमुवेलाचा पंधरावा अध्याय पुन्हा काढून वाच. अमालेकांची गुरंढोरं राखायची नव्हती, ती राखली. संदेष्टा शमुवेल येतो तेव्हा शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मग म्हणतो, लोकांनी चांगली चांगली मेंढरं राखली, तीही यज्ञासाठीच. पुन्हा म्हणतो, मी तर पाळलीच होती. चोविसाव्या ओवीत कुठे "मी पाप केलं" येतं, आणि त्याच दमात "मी लोकांना भ्यालो". तिसाव्या ओवीत पुन्हा "मी पाप केलं", आणि लगेच "पण आता वडीलमंडळींसमोर माझा मान राख". कबुली दोनदा दिली आणि राज्य गेलं. दावीदाचा अपराध शौलापेक्षा कितीतरी काळा होता, बाई पळवली आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत पुढे ठेवून मारवलं. पण संदेष्टा नाथान समोर उभा राहिला तेव्हा दावीद एवढंच म्हणाला, "मी परमेश्वराचा अपराध केला आहे." त्याच ओवीत क्षमा मिळाली. तरी घरातली तलवार हलली नाही, मूल गेलं. क्षमा झाली म्हणजे झालेलं पुसलं गेलं असं शास्त्र कुठेच म्हणत नाही. आणखी एक. दावीद उरीयाची क्षमा मागू शकला नाही. उरीया गेलेला होता.

ते वाक्य लिहून मी थोडा थांबलो. पुढे जातो.

आता क्रम. लेवीयच्या पाचव्या अध्यायाच्या शेवटी (ताईच्या घरच्या मराठी बायबलात तेच सहाव्याच्या सुरुवातीला सापडेल) एक प्रकरण आहे: कोणी ठेव नाकारली, लुबाडलं, सापडलेली वस्तू दडवली आणि खोटी शपथ घेतली, तर त्याने काय करावं. मूळ रक्कम परत द्यावी, वर पाचवा भाग घालावा, ते ज्याचं त्याला द्यावं. मग दोषार्पणाचा एडका घेऊन याजकाकडे जावं. गणनेच्या पाचव्या अध्यायात त्यात कबुलीची भर पडते. मिश्नेत बाबा कम्मा या भागाच्या नवव्या अध्यायात या क्रमावर निवाडा आहे: लुबाडलेलं आधी दिलं आणि अर्पण नंतर आणलं, तर झालं. अर्पण आधी आणलं आणि लुबाडलेलं नंतर दिलं, तर झालं नाही. एडका गेला, काम नाही झालं.

पाचवा भाग किती याचा हिशोबही पंडितांनी केला. साध्या वाचनाने शंभरावर वीस होतात. त्यांनी धरलं की मूळ आणि भर मिळून जी बेरीज होते तिचा पाचवा हिस्सा भरीचा असावा, म्हणजे शंभरावर पंचवीस. हा दंड खोटी शपथ घेऊन नाकारणाऱ्याला होता आणि आज मंदिर नाही, अर्पण नाही. तू शपथ घेतली नाहीस, तेव्हा तुझ्यावर तो लागू नाही. पण मूळ रक्कम लागू आहे. तू निघालास तेव्हा दादानं काढलेलं कर्ज ही भेट नव्हती, बाळा. वहिनीच्या पाटल्यांची पावती कपाटात आहे. तू आत्याला "दादानं हौसेनं दिले" असं सांगितलंस, ते दादाच्या कानावर आलं आणि तो काही बोलला नाही.

बाबा कम्माच्या त्याच अध्यायात थोडं आधी असं आहे: एका पेरुताइतकंही लुबाडून, म्हणजे सगळ्यात लहान नाण्याइतकं, ज्यानं खोटी शपथ घेतली, त्यानं ते धन्यामागे दूर मादय देशापर्यंत जाऊन पोचवावं. धन्याच्या मुलाच्या हातात देऊ नये, त्याच्या माणसाच्या हातात देऊ नये. ज्याचं त्याच्या हातात. फक्त न्यायसभेच्या माणसाकडे देता येतं, आणि धनी वारला असेल तर वारसांना. तू ताईला म्हणालास, "तूच दादाशी बोल, तुझं तो ऐकतो." ताई बोलेल. ती बोलत आलीच आहे. पण तिनं बोलून तुझं काम होत नाही.

योसेफ करो यांच्या शुल्हान आरूख या नियमसंहितेत या सगळ्याची रीत आहे, ६०६वं प्रकरण, खास किप्पूरच्या आदल्या दिवसासाठी. नुसत्या शब्दांनी दुखावलं असलं तरी समाधान करायला हवं. पहिल्यांदा स्वतः जावं. तो मानला नाही तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं, दर वेळी तीन माणसं सोबत न्यावीत. तीन वेळा झालं की पुढे बंधन नाही. अपराध गुरूचा असेल तर मात्र तीनाची मर्यादा नाही, रामबाम म्हणतात हजारदा जा. आणि दुसऱ्या बाजूलाही बंधन आहे: ज्याच्याकडे मनापासून क्षमा मागितली जाते त्यानं निष्ठुर होऊ नये, अब्राहामाप्रमाणे द्यावी, ज्याने आपला अपराध करणाऱ्या अबिमलेख राजासाठी प्रार्थना केली.

पण त्याच ठिकाणी क्राकोचे मोशे इसर्लेस यांची टीप आहे आणि ती तुझ्या प्रकरणात नेमकी बसते. कोणी दुसऱ्याची खोटी बदनामी केली असेल, तर त्याला क्षमा करणं बंधनकारक नाही. कारण साधं आहे. बदनामी ज्यांनी ऐकली त्यांतल्या काहींच्या कानांवर माफी कधीच जात नाही. वाडीचे पैसे दादानं खाल्ले हे तू जिथे बोललास, तिथे बसलेली माणसं आज ठाण्यात आहेत, लोदला आहेत, दोघं तर तुझ्याच सिनेगॉगमध्ये येतात. पैसे तुझ्या आईच्या इस्पितळात गेले, कागद तू पाहिलेस. त्या माणसांनी पाहिले नाहीत. म्हणून दादाला फोन करायच्या आधी किंवा नंतर, पण किप्पूरच्या आत, त्या प्रत्येकाला सांग की मी म्हणालो ते खोटं होतं. "गैरसमज होता" असं म्हणू नकोस. गैरसमजाला कर्ता नसतो.

फार लांबलं. तू चाळिशीचा, मी तुला शाळेतल्यासारखं शिकवतोय. माफ कर. पण मत्तयाचं उत्तर राहिलंय, आणि ते दिल्याशिवाय मी पत्र बंद करणार नाही. ताईच्या लग्नानंतर तिच्या घरी बसून मी नवा करार नीट वाचला. जावयांबरोबर कितीतरी रविवार दुपारी त्यावर बोललो आहे. येशू आपल्याच लोकांत वाढला, आपल्याच लोकांशी बोलत होता, हे वाचताना पानोपानी जाणवतं.

साताच्या सत्तर वेळा हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे, एकविसाव्या-बाविसाव्या ओवीत. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावानं माझा अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? हा प्रश्न ज्याचा अपराध झाला त्याचा आहे. ज्यानं केला त्याचा नाही. त्याच्या वरच्या ओव्या, पंधरा ते सतरा, जावयांना विचार. तिथे पायऱ्या आहेत: भावानं तुझा अपराध केला तर एकट्याला गाठून त्याला दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत ने, तेही ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे अपराधाचं नाव घेऊन झाल्यावरच पेत्राचा प्रश्न येतो. लूकच्या सतराव्या अध्यायात तेच आणखी उघड आहे. दिवसातून सात वेळा क्षमा कर, जर तो सात वेळा तुझ्याकडे वळून "मला पश्चात्ताप झाला" असं म्हणेल.

आणि अठराव्या अध्यायाचा शेवट, दोन चाकरांची गोष्ट. एकावर राजाचे दहा हजार तालांत. एका तालांताचे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी! ती माफ झाली. बाहेर पडल्यावर त्याने शंभर दीनारांसाठी सोबतीचा गळा धरला. हा आकडा मुद्दाम तसा ठेवलेला आहे, क्षमा रोखून धरणाऱ्याला आपला हिशोब दिसावा म्हणून. जावई ही गोष्ट दादाला सांगत असतील तर सांगू देत, तो त्यांचा अधिकार आहे, ते कळकळीनं सांगतात. तू सांगायची नाही. ऋणकोनं धनकोला वाचून दाखवायचा हा अध्याय नाही.

तुझा अध्याय पाचवा. ओव्या तेवीस आणि चोवीस. वेदीपाशी अर्पण आणलं असताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, जा, आधी भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. बघ, इथे राग भावाच्या मनात आहे आणि उठून जायचं आहे अर्पण करणाऱ्यानं. ऐकणारी माणसं गालीलातली होती, वेदी यरुशलेमात. वेदीपाशी पोचल्यावर आठवलं तर चारपाच दिवसांची वाट परत चालायची. बाबा कम्मातल्या एडक्याचाच हा क्रम आहे. दोन्ही धर्मांची वाट पुढे वेगळी झाली, क्रूसावर काय घडलं याबद्दल मी आणि जावई कधी एकमत होणार नाही, पण या जागी दोघांचं बोट एकाच ओळीवर आहे.

तू काल रडलास आणि मला म्हणालास, "बाबा, मला माफ करा." मी केलं. लगेच केलं, तू अजून बोलतच होतास. त्या उधळ्या मुलाच्या बापानंही वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. लूकच्या पंधराव्या अध्यायात तो मुलगा डुकरांजवळ बसून बोलणं तयार करतो: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला मजूर म्हणून ठेवा. त्यात सबब नाही, अट नाही, मागणं आहे तेही खालच्या जागेचं. घरी पोचल्यावर मजुराची गोष्ट बोलायच्या आधीच बाप अंगठी मागवतो. फार सुंदर आहे. पण मला त्या गोष्टीत एक गोष्ट नेहमी टोचते. थोरल्या भावाची क्षमा कोणीच मागत नाही. तो शेतावरून येतो, गाणंबजावणं ऐकतो, चाकराला विचारतो काय चाललंय. बाहेरच उभा राहतो. बाप बाहेर येऊन समजावतो, धाकटा येत नाही. थोरला आत गेला की नाही हे लूक लिहीतच नाही. मी तुला माफ करून दादाचं देणं फिटत नाही, बाळा. मी तो माणूस नाही.

येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतानंही कबुली दिली होती, हे लोक विसरतात. तीस नाणी परत नेली, म्हणाला मी निर्दोष रक्ताला दगा देऊन पाप केलं. पैसे परत, कृत्याचं नाव घेतलेलं. पण गेला याजकांकडे, ज्यांनी हा सौदा केला त्यांच्याकडे. ते म्हणाले, आम्हाला त्याचं काय? पेत्रानंही येशूला नाकारलंच होतं, तीन वेळा, मुख्य याजकाच्या अंगणात, कोळशाच्या विस्तवापाशी. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, समुद्रकाठी, आणि तिथे ज्याला नाकारलं तोच त्याला तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का? रामबामनी पूर्ण पश्चात्तापाची जी खूण दिली आहे ती यापेक्षा वेगळी नाही: तीच वेळ, तीच संधी, तीच ताकद अंगात, आणि माणूस या वेळी ते करत नाही.

त्याचा मूळ दाखला मात्र उत्पत्तीत आहे. याकोबाचा मुलगा यहूदा यानं भावांना म्हटलं होतं, आपल्या भावाला, योसेफाला, विकू या. वीस रुप्याची नाणी मिळाली. बावीस वर्षांनी मिसरात तोच यहूदा, तिथला अधिकारी झालेल्या योसेफासमोर, त्याला न ओळखता उभा आहे, पुन्हा राहेलीचा मुलगा, या वेळी बन्यामीन, पुन्हा बापाचा लाडका, पुन्हा त्याला मागे सोडून घरी जायची सोय. चव्वेचाळिसाव्या अध्यायाच्या शेवटी तो म्हणतो, मुलाऐवजी मला गुलाम ठेवा. पुढच्या ओवीत योसेफाला रडू आवरत नाही. त्यानं आधी किती परीक्षा घेतल्या ते आठव. ओळख लपवली, शिमोनाला कोंडलं, प्याला लपवला. दादाला वेळ लागला तर धीर धर, एवढंच.

आणि बाप गेल्यावर काय झालं तेही आठव. पन्नासावा अध्याय. याकोबाला पुरून आले आणि भाऊ घाबरले, आता योसेफ सूड घेईल. त्यांनी निरोप पाठवला: मरण्यापूर्वी बाबांनी सांगितलंय की भावांना क्षमा कर. बाबांनी असं सांगितल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. योसेफ रडला. माझ्या मागे तुम्हाला माझं नाव पुढे करून निरोप पाठवावा लागू नये. दादाच्या मागे तर नकोच. बघ, पुन्हा तिथेच आलो.

योनाचं पुस्तक तू अकरा वर्षांचा असताना किप्पूरच्या दुपारी वाचलं होतंस. चारही अध्याय. तिसऱ्या अध्यायात तुझा श्वास लागला, आणि दादा शेजारी उभा राहून ओळीवर बोट फिरवत होता, उपाशीपोटी, शेवटपर्यंत. त्या तिसऱ्या अध्यायावर, निनवे शहराच्या पश्चात्तापावर, मिश्नेत तानीत या भागात फार नेमकं बोलणं आहे. उपासाच्या दिवशी सगळ्यांत म्हाताऱ्या माणसानं उभं राहून लोकांना सांगावं: भावांनो, निनवेच्या लोकांबद्दल असं लिहिलेलं नाही की देवानं त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला; लिहिलंय की देवानं त्यांची कृत्यं पाहिली, की ते वाईट मार्गावरून फिरले. तालमुदात, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चाग्रंथात, शमुवेल पंडित त्याला जोड देतात: निनवेत कोणी चोरलेली तुळई वाड्यात बसवली असेल तर वाडा पाडून तुळई परत दिली. आपल्या पंडितांनी पुढे सवलत दिली, तुळईची किंमत दिली तरी चालेल, कारण घर पाडावं लागणार म्हटलं तर कोणी पश्चात्तापाला धजणारच नाही. तुलाही तशीच सोय आहे. हप्त्यानं दे. दादा नाही म्हणणार नाही.

तो नाही म्हणतच नाही, हे तुला दिसत नाही का? रब्बी झेरांची रीत होती, कोणी त्यांचा अपराध केला तर ते मुद्दाम त्या माणसाच्या समोरून जात-येत राहायचे, त्याला क्षमा मागायला सोपं जावं म्हणून. दादा दर शनिवारी शाब्बाथला मला विचारतो, अश्दोदचा फोन आला का? मुली कशा आहेत? मग थोडा वेळ माझ्याजवळच बसतो.

आता एकच नियम राहिला, आणि तो लिहायचा नाही असं ठरवलं होतं. ज्याचा अपराध केला तो क्षमा मागण्याआधी वारला, तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, मी इस्राएलाच्या देवाविरुद्ध आणि या अमुकाविरुद्ध पाप केलं, मी याला असं असं केलं. पैसे देणं असेल तर वारसांना द्यायचे. नियम आहे, तो पाळलाही जातो. पण तिथे उत्तर देणारं कोणी नसतं. डॉक्टर म्हणतात धोका फार नाही. वहिनीलाही तेच सांगतात. मला भीती वाटते ती मी कोणापाशी बोललेलो नाही, तुझ्यापाशी बोलतोय.

तर असं कर. इथे घड्याळ तुझ्यापेक्षा अडीच तास पुढे. दादा दुपारी झोपतो, पाचला उठतो, म्हणजे तुझे अडीच. त्याच्या स्वतःच्या नंबरवर कर, माझ्या किंवा ताईच्या नाही. आधी तब्येत विचार, पण त्यात अडकू नकोस. मग म्हण: वाडीच्या पैशांबद्दल मी आत्याकडे जे बोललो ते खोटं होतं, तुझं कर्ज भेट होती असं मी म्हणालो तेही खोटं. मी ज्यांना बोललो त्यांना सांगितलं आहे, किंवा सांगतोय. पैसे असे असे देईन. मला क्षमा कर. आणि मग बोलणं थांबव. तो गप्प राहिला तरी तू भरू नकोस, "तूही त्या वेळी" असं काही काढू नकोस, त्याच्याकडून उत्तर मागू नकोस. काही न बोलता फोन ठेवला तर दोन दिवसांनी परत कर. तिसऱ्यांदा लागलं तर मला सांग, तिथल्या आपल्या तिघा वडीलधाऱ्यांना बरोबर बसवून कर.

तिकीट मिळत असेल तर येच. नाही मिळालं तर त्यावरून फोन अडवू नकोस.

पाटल्यांच्या पावतीचा फोटो नातवाच्या मोबाईलवर दिला आहे, रक्कम त्यावर स्पष्ट आहे. बिरड्याचे वालही त्याच्याजवळ दिलेत, अर्धे तुझ्या सासूबाईंना दे. मुलींना पापा.

तुझे,
बाबा